सात नंबरचं खेचर

३ ऑगस्ट १९९०, अबकैक, सौदी अरेबिया

ही वही मी इंजिनांसाठी घातली होती. इतिहासाचं काम किती पुढे सरकलं ते दोन ओळींत लिहायचं, एवढाच बेत. आज इंजिनांचं काही झालेलं नाही. काल पहाटे इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि आमचा अनुराग कुवेतमध्ये आहे.

फोन लागत नाही. बायको, विद्या, सारखी नंबर फिरवते आहे. मी म्हटलं, लाईन तुटली म्हणजे माणूस तुटला असं नाही. त्यावर ती म्हणाली, "तुम्हाला सगळं यंत्रच वाटतं." सव्वीस वर्षांचा इंजिनिअर मुलगा आहे, अंगापिंडाने धड आहे, आमच्या भाजीवाल्या हाशमभाईंचा पुतण्या तौकीर त्याच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. दोघं मिळून काढतील मार्ग. हे मी विद्याला सांगितलं आणि तेलाच्या प्लॅंटवर जाताना गाडीत स्वतःलाही सांगितलं.

मे महिन्यात माझ्या छातीत कळ येऊन गेली तेव्हापासून विद्या मला चहासुद्धा जपून देते. म्हणून तिच्यासमोर घाबरायचीही चोरी.

६ ऑगस्ट

नुसतं बसून राहिलं की डोकं फिरतं. म्हणून इतिहास पुढे ढकलतो आहे. अनुराग येईल तेव्हा त्याच्यापुढे निदान कच्चा खर्डा तरी ठेवता यावा. काम आता त्याचं, मी त्याचा कारकून.

परक्या कोणी ही वही उघडली तर त्याला वेड लागायचं, म्हणून एकदाच नीट लिहितो. राणीच्या राज्यात, १८८४ साली, लीड्सच्या एका कारखान्यात आठ बुटकी वाफेची इंजिनं बांधली. कोकणातल्या एका खाडीच्या धक्क्यापासून दगडाच्या खाणीपर्यंत जी छोटी लाईन होती, तिच्यासाठी. सहा चाकं, मागे कोळशापाण्याचा वेगळा डबा नाही. पाण्याची टाकी बॉयलरच्याच पाठीवर, खोगिरासारखी. त्यामुळे धक्क्यावरचे लोक त्यांना खेचरं म्हणत. एक आणि दोन नंबर भंगारात गेली. चार नंबर पडावासकट खाडीत बुडालं. आठ नंबरचे सुटे भाग करून बाकीच्यांना लावले. तीन नंबरच्या बॉयलरसाठी मी दोन वर्षं इंग्लंडला पत्रं लिहिली आणि तो निघाला नाशिकरोडला, आमच्या घरामागच्या कापड रंगवायच्या कारखान्यात. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अनुराग तेव्हा शाळकरी. कोमट पत्र्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, ह्याला आपली चाकं आठवत असतील का हो?" त्या दिवसापासून त्याला हे वेड लागलं.

उरली पाच, सहा आणि सात. १९१६ च्या लढाईत ती फौजेबरोबर बसऱ्याला गेली आणि परत आली नाहीत. गेल्या एप्रिलमध्ये कंपनीच्या कामासाठी बसऱ्याला गेला असता अनुरागला एका खजुराच्या गोदामाच्या आवारात खेचर दिसलं. गंजलेलं, नावाची पाटी नाही, पण चाकांच्या दांड्यावर सात आकडा ठोकलेला.

मी फोनवर नाचायचाच बाकी होतो. पण चिरंजीवांनी मलाच थोपवलं. म्हणाला, दांडे वर्कशॉपमध्ये अदलाबदल होतात. एक पुरावा म्हणजे शून्य पुरावा. चाकामागे सांगाड्यावरही आकडा असतो, तो बघितल्याशिवाय सात लिहायचं नाही. हा आमच्या इतिहासाचा नियमच आहे. कोणतंही इंजिन सापडलं किंवा मोडलं असं लिहायचं तर पुरावे दोन हवेत. एक पाहणारा माणूस आणि एक ठोकलेली खूण. नसतील तर "माहिती नाही".

२१ ऑगस्ट

बातमी! हाशमभाई आज भाजीची गाडी घेऊन कॅंटीनला आले ते थेट माझ्या ऑफिसात. माणूस दाभोळचा, वीस वर्षं इथे भाजी आणि मासळी पुरवतो, हसायला लागला की पोट आधी हसतं. म्हणाले, "साहेब, पोरं निघाली. तौकीर नि अनुराग दोघं बी बसमध्ये बसलेत. बसरा, बगदाद, तिथून जॉर्डनची हद्द. अम्मानला आपली इमानं हायत."

घरी येऊन विद्याला सांगितलं. ती खाली बसली आणि हसत हसत रडली. रात्री शिरा केला. मी सांगून टाकलं की बस बसऱ्यावरून जाणार म्हणजे हा पठ्ठ्या त्या गोदामात डोकावल्याशिवाय राहणार नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी आणखी शिरा वाढून घेतला.

४ सप्टेंबर

हद्दीवर माणसांचा समुद्र अडकून पडला आहे म्हणतात. वाळवंटात तंबू, पाण्याला रांगा. अजून फोन नाही. पळसाला पाने तीन, रोज तीच बातमी. पाच आणि सहा नंबरची पानं लिहून झाली. दोन्हींपुढे "माहिती नाही".

१४ सप्टेंबर

तौकीर मुंबईला उतरून दाभोळला पोचलासुद्धा! हाशमभाई मी प्लॅंटवर असताना घरी येऊन विद्याला सांगून गेले. हद्दीवरच्या गर्दीत दोघांची ताटातूट झाली, अनुराग मागे राहिला, पुढच्या कुठल्यातरी विमानाने येईल. मला फार हायसं वाटलं. एक आला म्हणजे दुसऱ्याचा नंबर लागतोच.

विद्याला मात्र बरं नाही. मी आलो तेव्हा भर संध्याकाळची डोक्यावरून न्हाऊन ओल्या केसांनी बसली होती. म्हटलं, सर्दी होईल. जेवण केलं नव्हतं. शेजारच्या दौलतरावांच्या बायकोने वरणभाताचा डबा आणून दिला आणि दारातल्या दारात परत गेली. एरवी ही बाई आली की तासभर हलत नाही.

१७ सप्टेंबर

आमचे देव इथे स्वयंपाकघरातल्या कपाटात असतात. सौदीत तेच बरं. सकाळी त्या कपाटातून उदबत्तीचा वास येतो, त्यावर माझं घड्याळ लावलेलं असतं. दोन-तीन दिवस वास नाही. विचारलं तर विद्या म्हणाली, "उदबत्त्या संपल्यात." मी खोबर शहरातल्या दुकानातून पुडा आणून दिला. तिने तो न फोडता फळीवर ठेवला.

बायकांचा देवांवरही राग असतो. मुलगा येईपर्यंत अबोला धरला असेल.

२४ सप्टेंबर

सकाळी निघताना पाहिलं, विद्याने मागच्या भिंतीवर पानात भाताचा मुटका ठेवला होता आणि हात जोडून उभी होती. कावळे इथे कुठले? चिमण्या आल्या. ती बराच वेळ तशीच उभी. मला पाहून म्हणाली, "पक्ष्यांना घालतेय." भूतदया चांगलीच. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं आहे. सुट्टी काढून तिला डॉक्टरकडे न्यायला हवं, पण ती मलाच जपा म्हणते.

हाशमभाईंना तौकीरचा नंबर मागितला. हद्दीवर नक्की कुठे चुकामूक झाली ते त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. हाशमभाई भेंड्या निवडत होते, मान वर केली नाही. "गावाला फोन लागत नाय हो साहेब. खालच्या आळीत खांब पडलाय." भेंड्या चांगल्या कोवळ्या होत्या, तरी निवडतच होते.

१८ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

विद्या फराळाला बसली नाही. कढईच चढली नाही. मला वाटलं, दिवाळी कोरडी जाणार. पण माणसं किती चांगली असतात! सकाळपासून कॉलनीतल्या एकेका घरातून डबे. दौलतरावांकडून चकल्या, कुबराबाईंकडून नारळाच्या वड्या, नागपूरच्या मंडळींकडून अनारसे. नेहमी आपण पाठवलं तर ते पाठवतात, यंदा न पाठवताच सगळ्यांनी दिलं. मी दारात उभा राहून एकेकाला म्हणत होतो, अहो कशाला, अनुराग आला की आम्ही डबल करून पाठवू. दौलतराव माझा हात हातात धरून उभेच राहिले. इतके हळवे असतील असं वाटलं नव्हतं.

चकल्या खुसखुशीत. दोन अनुरागसाठी डब्यात काढून ठेवल्या. मग वाटलं, कधी येईल कोण जाणे, मऊ पडतील. तरी ठेवल्या.

९ डिसेंबर

वकिलातीतून उत्तर आलं. अम्मानहून आलेल्यांत त्याचं नाव सापडत नाही. म्हणजे तो तिथून निघालेलाच नाही. मी विद्याला म्हटलं, सापडत नाही ह्याचा अर्थ सापडत नाही एवढाच. नियम म्हणजे नियम. तिने विचारलं, "आणि दोन पुरावे मिळाले तर?" मी म्हटलं, मिळाले तर लिहावंच लागतं, मग कुणाला आवडो न आवडो. ती उठून आत गेली आणि नळ सोडून भांडी घासत बसली. भांडी सकाळीच घासलेली होती.

रेवाचा पुण्याहून फोन आला. कॉलेजचं, परीक्षेचं, मेसच्या आमटीचं बोलली. दादाचं नाव काढलं नाही. सख्खी बहीण! मी रागावलो तर फोनवर हुंदके द्यायला लागली. परीक्षेचा ताण आहे म्हणते.

१५ जानेवारी १९९१

आज घरोघर गॅसचे मुखवटे वाटले. माझा, विद्याचा, आणि मी भांडून तिसरा आणला. अनुराग अवचित आला तर? वाटणाऱ्या पोरग्याला पटेना. त्याला कुटुंबाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, दाखवला, त्यावर अनुरागचं नाव नव्हतं, तो केव्हाच सज्ञान झाला. शेवटी मागे रांगेत उभे असलेले दौलतराव पुढे आले आणि त्या पोराच्या कानात काहीतरी बोलले. पोराने मुकाट्याने मुखवटा दिला.

संक्रांतीचा तिळगूळ नाही केला का, म्हणून विचारलं. "तीळ नाहीत," म्हणाली. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या आणि दिवस संपला.

१८ जानेवारी

लढाई सुरू झाली. विमानांचे थवे डोक्यावरून उत्तरेकडे जातात आणि काही वेळाने हलके होऊन परत येतात. टीव्हीवर बसऱ्याचं नाव आलं.

लाज वाटते, पण खरं ते लिहितो. माणसं मरताहेत आणि मला ते आवार दिसतं. खजुराच्या गोण्या, मधे खोगीर घातलेलं खेचर. शंभर वर्षं कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. लीड्सला जन्मलं, कोकणात दगड ओढले, पहिल्या लढाईने परक्या देशात नेऊन टाकलं, आणि आता ही लढाई त्याच्यावर बॉम्ब टाकते आहे.

आणि दुसरा विचार, जो मी विद्याला सांगितलेला नाही. अनुराग बसमधून बसऱ्यालाच उतरला असला तर? इंजिन बघायला गेला आणि बस निघून गेली, असं झालं असलं तर? तौकीर हे सांगायला घाबरत असेल. म्हणजे माझा मुलगा आता त्या बॉम्बांखाली आहे आणि त्याला तिथे मी दिलेलं वेड घेऊन गेलं. खिशात माझीच पट्टी असेल. पदवी मिळाली तेव्हा दिलेली सहा इंची स्टीलची पट्टी, तिच्यावर ए एच ही अक्षरं मीच पंचने ठोकली होती. एच जरा तिरका बसला. तो म्हणाला होता, राहू द्या बाबा, हीच खूण.

२६ फेब्रुवारी

काल धाहरानला क्षेपणास्त्र पडलं. आमची तावदानं नुसती थरथरली. तिकडे कोणाकोणाची मुलं गेली. विद्या भिंतीला टेकून म्हणत होती, "त्यांच्या आयांना आज कोण सांगेल?" मी तिसरा मुखवटा कपाटातून काढून पुसून ठेवला.

५ मार्च

लढाई संपली. वारा उत्तरेचा असला की आकाश काळवंडतं, तिकडे कुवेतमध्ये तेलाच्या विहिरी पेटल्यात. दोरीवरच्या कपड्यांवर तेलकट काजळी बसते.

हाशमभाईंना कुवेतला भाजीपाला न्यायचा परवाना मिळाला. मी म्हटलं, मला घ्या. तिथून बसऱ्याची हद्द किती लांब! रजेचा अर्ज टाकला आहे. खेचर आहे का बघेन, आणि तिथे अनुरागला विचारत विचारत जाईन. हाशमभाई म्हणाले, "साहेब, तुमची तब्येत..." म्हटलं, तब्येतीला काय धाड भरली आहे? तेव्हा त्या धिप्पाड माणसाने माझ्या टेबलावर डोकं टेकलं आणि रडायला लागला. "वहिनींना इचारा," एवढंच म्हणाला. "माझ्या तोंडून नाय निघणार. मला अल्लाची शपथ घातलीय त्यांनी."

घरी येऊन विचारलं नाही. का विचारलं नाही ते मला लिहिता येत नाही.

१७ मार्च, गुढीपाडवा

आज मी स्वतः उठून गुढीची तयारी केली. पाईपचा एक उरलेला तुकडा, विद्याचा जरीचा खण, तांब्या. झोपायच्या खोलीतच उभी करतो आम्ही, पडदे ओढून. विद्या दारात येऊन उभी राहिली.

"यंदा नाही," ती म्हणाली.

"का? लढाई संपली की."

"यंदा ह्या घरात सण नाहीत."

मी पाईप हातात धरून उभा होतो. तिचं वाक्य साधं होतं, नाशिकला कितीदा ऐकलेलं. ज्या घरात माणूस जातं त्या घरात वर्षाचे सण होत नाहीत. तळण होत नाही, फराळ शेजारी आणून देतात. चकल्या. अनारसे. दौलतरावांचा हात. ओले केस. भिंतीवरचा भात. मी बॉयलरचा माणूस, कुठे काय गळतं ते नुसत्या आवाजावरून सांगणारा. माझ्याच घरात सहा महिने सगळं समोर मांडलेलं होतं आणि अख्ख्या कॉलनीला ते वाचता येत होतं.

तरी मी म्हटलं, "कोणी सांगितलं?"

"तौकीरने. त्याच्या मांडीवर गेला."

"एकच साक्ष." हे मी म्हटलं. माझ्या तोंडून हे निघालं.

विद्याने देवांचं कपाट उघडलं. आतून रुमालात गुंडाळलेली पट्टी काढून माझ्या तळहातावर ठेवली. स्टीलची, सहा इंची. ए, आणि तिरका एच. "हाशमभाईंनी तौकीरकडून कोणाबरोबर तरी मागवून घेतली," ती म्हणाली. "तुम्ही दोन मागता. माझ्याजवळ दोन्ही होते, म्हणून दाखवले नाहीत. पुरावा नाही असं वाटलं तर तुम्ही जगाल, असं वाटलं मला. तुमची छाती... मला दोघं एकदम जाऊ द्यायचे नव्हते."

मी तिला जवळ घेतलं. आम्ही दोघं पलंगाशेजारी जमिनीवर बसलो आणि मी ओरडून रडलो, पडदे ओढलेले असूनही शेजारी ऐकू गेलं असेल. ती सहा महिने नळ सोडून एकटी रडली होती.

१८ मार्च

रोजे सुरू झालेत. संध्याकाळी रोजा सोडून हाशमभाई आले. त्यांनी इथल्या बूथवरून दाभोळला फोन लावून दिला. खांब वगैरे काही पडलेला नव्हता. तौकीर बोलला. पोराचा आवाज म्हाताऱ्यासारखा झाला आहे.

बस बसऱ्याला पाण्यासाठी थांबली तेव्हा अनुराग तौकीरला ओढत गोदामाकडे पळाला. इंजिन होतं. पुढच्या चाकामागे आडवा पडून त्याने सदऱ्याने सांगाडा पुसला, पट्टीने गंज खरवडला आणि ओरडला, "सात आहे रे! खरंच सात!" बसमध्ये सगळ्यांना सांगत सुटला, कोणाला काही कळलं नाही. बगदादपर्यंत हसत होता. हद्दीवरच्या तंबूत जुलाब आणि ताप. डॉक्टर येईपर्यंत संपलं. जाळायला लाकूड नव्हतं, तौकीरने आणि दोघा बिहारी मुलांनी हातांनी वाळू काढली. "चाचा, तुमचा मंतर मला येत नव्हता," तौकीर म्हणाला. "मी आमचीच दुवा पढलो. चाललं ना?"

चाललं, बाळा.

विद्या म्हणाली, लिहून काढा. मी इतिहासाची शेवटची दोन पानं लिहिली. तिने दोन्ही वाचली, आणि मग मी ती इथेही उतरवून घेतो आहे.

सात नंबर. बांधणी लीड्स, १८८४. बसऱ्याला रवाना १९१६. शेवटचं दर्शन ऑगस्ट १९९०, खजुराच्या गोदामाचं आवार. पाहणारे अनुराग आणि तौकीर. दांड्यावर सात, सांगाड्यावर सात. पुढे माहिती नाही.

अनुराग हरिहर. जन्म नाशिकरोड, १९६४. कुवेतहून निघाला ऑगस्ट १९९०. शेवट जॉर्डनच्या हद्दीवर, त्याच वर्षी. तिथल्याच वाळूत. पाहणारा तौकीर. खूण मी स्वतः ठोकलेली. पुरावे दोन.